आधी गोष्ट, मग विडंबन

शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस आले की कोल्हापुरात एकही संध्याकाळ रिकामी जात नाही. अशाच एका संमेलनाला जाण्याचा योग नुकताच आला. चौथीच्या मुलांनी एक लहानसे नाटुकले सादर केले. लाल टोपीवाली मुलगी आजीकडे निघाली आहे आणि वाटेत तिला लांडगा भेटतो, ही त्यातली गोष्ट. पण हा लांडगा शाकाहारी होता आणि त्याला दातदुखीने बेजार केले होते. आजी तर तालमीत कसलेली निघाली. तिने लांडग्याला धोबीपछाड घातली आणि सभागृह हसून लोटपोट झाले. आम्हीही मनापासून हसलो. कार्यक्रम संपल्यावर लांडगा झालेल्या त्या चुणचुणीत मुलाची पाठ थोपटली आणि सहज विचारले, ‘‘बाळ, मूळ गोष्टीत लांडगा काय करतो?’’ तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, ‘‘मूळ गोष्ट म्हणजे? आम्ही कार्टूनमध्ये असंच बघितलंय.’’

त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. त्याच्या वाट्याला आधी विडंबन आले आणि गोष्ट आलीच नाही. मात्र त्याच्या त्या साध्या प्रश्नाने आम्हाला अंतर्मुख केले. मुलांच्या करमणुकीविषयी आपण बोलतो ते बहुधा हिंसा, अभ्यासाचा खोळंबा किंवा डोळ्यांवरचा ताण यांच्या अनुषंगाने. त्या तक्रारी खऱ्याच आहेत. परंतु मुलांच्या मनात गोष्टी कोणत्या क्रमाने शिरत आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. परीकथांच्या विनोदी व्यंगचित्रपटांचा विचार त्या अंगाने करावा, असे आम्हाला वाटते.

विडंबन ही मूळ वस्तूची सावली असते. वस्तूच ठाऊक नसेल तर सावलीतली गंमत कळत नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ने १९२५ साली महाराष्ट्राला पोट धरून हसवले, कारण ज्या कवितांच्या चालीवर ती विडंबने बेतली होती त्या कविता तेव्हाच्या सुशिक्षित वाचकाला मुखोद्गत होत्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांना ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव दिले. त्या नावात दडलेले हसू कळायला सुदामा कोण, पोहे कोणाचे आणि ते कोणी खाल्ले हे माहीत असावे लागते. तेव्हाच्या प्रत्येक मराठी घरात ते माहीत होते. म्हणून त्या विनोदाला कधी तळटीप जोडावी लागली नाही.

पाश्चात्त्य व्यंगचित्रपटांचा इतिहासही हेच सांगतो. वॉल्ट डिस्नेने १९२२ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये ‘लाफ-ओ-ग्रॅम’ ही आपली कंपनी उभारली. तिथे त्याने लाल टोपीवाली, सिंड्रेला, बूट घातलेला बोका अशा परीकथा घेऊन त्यांना त्या काळच्या अमेरिकेचा विनोदी पेहराव चढवला. ती कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली. पुढे १९३७ साली याच डिस्नेने ‘स्नो व्हाईट’ हा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट गंभीरपणे आणि अपार मेहनतीने काढला. तो इतका गाजला की कोट्यवधी मुलांच्या लेखी तीच मूळ गोष्ट ठरली. १८१२ साली लोकांच्या तोंडून गोष्टी गोळा करून छापणारे जर्मनीचे ग्रिम बंधू मागे पडले. त्यानंतर १९४३ साली टेक्स एव्हरी या व्यंगचित्रपटकाराने लाल टोपीवालीचे एक विडंबन केले. त्याच्या आरंभीच लांडगा, आजी आणि ती मुलगी अशी तिन्ही पात्रे निवेदकावर रुसून बसतात. तीच ती गोष्ट त्याच त्या पद्धतीने किती वेळा सांगणार, असा त्यांचा सवाल असतो. त्या प्रेक्षकांनी ती कथा शंभरदा ऐकली होती. कंटाळा यावा इतकी ती त्यांच्या अंगवळणी पडली होती, म्हणूनच त्या रुसव्याला हशा मिळाला. आमच्या चौथीतल्या मुलाने ती एकदाही ऐकलेली नाही. कंटाळा कशाचा, हेच ठाऊक नसताना त्याने त्या कंटाळ्यावरचा उतारा मात्र घेतला आहे.

यातले सर्वांत बोलके उदाहरण ‘श्रेक’चे. विल्यम स्टाइग यांच्या १९९० सालच्या छोट्या पुस्तकावरून २००१ मध्ये हा चित्रपट निघाला. पूर्ण लांबीच्या व्यंगचित्रपटासाठी ऑस्कर पारितोषिक प्रथमच ठेवण्यात आले तेव्हा, २००२ साली, ते ‘श्रेक’ला मिळाले. दलदलीत राहणारा राक्षस हाच नायक, घोड्याच्या जागी वाचाळ गाढव आणि शेवटी राक्षसीण होणारी राजकन्या, असा सारा उलटा मामला. चित्रपट चतुर आहे आणि त्याचा गाभा मायेचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यातला निम्मा विनोद कोणावर आहे? जेफ्री कॅटझेनबर्ग १९९४ साली डिस्ने कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी दोन भागीदारांसह ड्रीमवर्क्स ही नवी कंपनी काढली. ‘श्रेक’ त्या कंपनीचा. त्यातल्या खुज्या सरदाराची ती चकचकीत, शिस्तबद्ध, प्रवेशद्वारावर गर्दी आवरण्याचे कठडे लावलेली नगरी म्हणजे डिस्नेच्या करमणूक उद्यानाची उघड टवाळी आहे. म्हणजे हे दोन अमेरिकी कंपन्यांमधले घरचे भांडण. ते पाहून शिवाजी पेठेतला मुलगा हसतो, पण आपण कशाला हसलो हे त्याला सांगता येत नाही. शेजारच्या घरात पंगत हसते आहे म्हणून आपणही अंगणात उभे राहून हसावे, तसा हा प्रकार आहे.

आता त्या वाचाळ गाढवावरून आपल्याकडे वळू. महाराष्ट्राला गाढवाची गोष्ट कोणाकडून उसनी आणावी लागली नाही. हरिभाऊ वडगावकरांनी लिहिलेले आणि दादू इंदुरीकरांनी रंगमंचावर अजरामर केलेले ‘गाढवाचं लग्न’ हे वगनाट्य आमच्या पिढीतील अनेकांनी पाहिले आहे. इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व, त्याला सांभाळणारा सावळ्या कुंभार आणि राजकन्येशी गाढवाचे लग्न. मुळात ही शुद्ध परीकथाच. गंधर्वाने गर्दभरूप घेतल्याची कथा विक्रमाच्या आख्यानांतही येते आणि ग्रिम बंधूंच्या संग्रहातही गाढव होऊन जन्मलेला एक राजपुत्र आहे. तमाशाच्या फडाने या परीकथेला खास मराठी फेटा बांधला. इंद्राच्या दरबारात गावचे बेरकीपण शिरले आणि राजाला पाटलाची भाषा आली. २००७ साली मकरंद अनासपुरे यांना घेऊन त्यावर चित्रपटही निघाला. ‘श्रेक’च्या कितीतरी आधी आपण परीकथा उलटी करून तिच्यातून हसू काढत होतो, तेही संगणकाविना, ढोलकीच्या तालावर.

या बाबतीत कोल्हापूरने तर मागे राहण्याचे काही कारणच नव्हते. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांनी ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आणि ‘लवंगी मिरची कोल्हापूरची’ ही वगनाट्ये लिहिली. राजा, प्रधान, शिपाई ही लोककथेतली ठरीव माणसे घ्यायची आणि त्यांच्या तोंडून आजचा कारभार उघडा पाडायचा, ही वगाची जुनी रीत. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून हेच केले. गौळणीतली मावशी आणि तिच्याशी हुज्जत घालणारा पेंद्या यांच्यावर आपला प्रेक्षक पिढ्यान्पिढ्या हसत आला. त्या हसण्याने कृष्णावरची भक्ती तिळमात्र उणावली नाही. सकाळी अंबाबाईच्या देवळात काकड आरतीला उभा असणारा माणूसच रात्री त्या मावशीला दाद देत असे. ज्याच्याशी घरोबा आहे त्याची थट्टा करता येते. परक्याची थट्टा आणि घरच्याची थट्टा यांत अंतर आहे ते इथेच.

व्यंगचित्रपटाचे तंत्रही आपल्याला अनोळखी नव्हते. दादासाहेब फाळके यांनी १९१५ सालीच ‘आगकाड्यांची मौज’ ही फीत करून निर्जीव काड्यांना नाचवले. १९२९ मध्ये याच कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला गेली आणि त्याच दशकात तिने ‘जंबूकाका’ ही कोल्ह्याची व्यंगचित्रफीत काढली. जंबूक म्हणजे कोल्हा, आपल्या पंचतंत्रातलाच. म्हणजे दिशा बरोबर होती. ती वाट पुढे रुळली नाही, हे आपले दुर्दैव. व्यंगचित्राच्या क्षेत्रात मात्र भोजला जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिकलेल्या शि. द. फडणीसांनी शब्दावाचून हसवण्याची कला इतकी उंचावर नेली की गणिताच्या पाठ्यपुस्तकातही मुलांना हसू सापडले. त्या हसण्यात कोणाला बोचकारणे नव्हते.

काही वाचक विचारतील की, हे सारे तमाशाचे झाले, आपल्या अभिजात परंपरेत अशी थट्टा कुठे आहे? त्यांनी पंचतंत्र पुन्हा एकदा उघडावे. मित्रभेद या पहिल्याच तंत्रात एका विणकराची कथा आहे. राजकन्येवर मन जडलेल्या या विणकराला त्याचा सुतार मित्र लाकडी गरुड करून देतो. त्यावर बसून, चार हात लावून, हा पठ्ठ्या साक्षात विष्णू म्हणून राजवाड्याच्या गच्चीवर उतरतो. जावई प्रत्यक्ष भगवंत आहे या भरवशावर राजा शेजारच्या राजांच्या कुरापती काढतो आणि शत्रू चालून येतात. आता लढायला जाणार कोण? बिचारा विणकर मरणाची तयारी करून लाकडी गरुडावर बसतो. तेव्हा वैकुंठात खऱ्या विष्णूला चिंता पडते. हा मेला तर विष्णूच मेला असे लोक म्हणतील आणि आपली पूजाअर्चा थांबेल! मग भगवंत स्वतः त्या विणकराच्या देहात प्रवेश करून त्याला विजयी करतात. देवाचा अवतार, परीकथेतली राजकन्या आणि उडते वाहन या तिघांची एकदम केलेली ही मिस्कील थट्टा कोणा नास्तिकाने रचलेली नाही. राजपुत्रांना नीती शिकवणाऱ्या ग्रंथातच ती आहे. ती वाचून आपल्या पूर्वजांची श्रद्धा डळमळली नाही. उलट, भक्ताची लाज राखायला देव धावतो, हाच बोध त्यांनी हसत हसत घेतला.

हे स्पष्टपणे सांगण्याचे कारण आहे. थट्टेचा विषय निघाला की आपल्यातील काही जण एकदम बंदीची भाषा बोलू लागतात. २००८ साली नीना पेली या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीने रामायणावर ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा व्यंगचित्रपट काढला. स्वतःच्या मोडलेल्या संसाराचे दुःख तिने सीतेच्या चित्रात ओतले आणि १९२० च्या दशकातली अमेरिकी गाणी सीतेच्या तोंडी घातली. त्यावर हिंदू संघटनांनी आक्षेप घेतले आणि ते अकारण नव्हते. कोट्यवधी लोकांच्या नित्य स्मरणात असलेल्या सीतामाईला खासगी दुःखाची बाहुली करणे आपल्याला रुचणार नाही. तथापि त्याच चित्रपटात तीन भारतीय आवाज रामायणाची कथा आठवून आठवून सांगत असतात. ते अडखळतात, एकमेकांना दुरुस्त करतात, एखादे नाव विसरतात. ते ऐकताना आम्हाला चित्रपटाचा राग कमी आला आणि स्वतःची लाज अधिक वाटली. आपल्या घरातल्या मुलांना उद्या रामायण सांगायला बसवले, तर ती याहून सलग सांगू शकतील का? बाहेरच्याने केलेल्या विपर्यासाला निषेधपत्रकाने एक दिवस उत्तर देता येईल. मुलाच्या मनात मूळ कथा भक्कम असेल, तर तोच ते उत्तर आयुष्यभर देत राहील.

या संदर्भात अनंत पै यांचे उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. १९६७ साली दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत दिल्लीच्या मुलांना ग्रीक पुराणातील प्रश्न सुटले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे त्यांनी पाहिले. त्या अस्वस्थतेतून ‘अमर चित्र कथा’ जोम धरून उभी राहिली. त्या मालेच्या पहिल्या दहा अंकांत सिंड्रेला, स्नो व्हाईट अशा परदेशी गोष्टीच होत्या. अकरावा अंक ‘कृष्ण’ निघाला आणि मालेचे सारे रूप पालटले. पैंनी सिंड्रेलावर बंदी मागितली नाही, तिच्या शेजारी कृष्णाला उभे केले. पुढचा निर्णय मुलांनी आपण होऊन केला.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. विडंबनाने मुलांचे भले होत नाही असे नाही. आमच्या शेजारची सात वर्षांची मुलगी काऊ-चिऊची गोष्ट ऐकताना मध्येच थांबवून विचारती झाली, ‘‘काऊ पावसात भिजत होता, तर चिऊनं दार लगेच का नाही उघडलं? आधी दार उघडायचं, मग बाळाला अंघोळ घालायची!’’ पिढ्यान्पिढ्या आपण ही गोष्ट सांगत आलो. शेणाचे घर बांधणारा आळशी आणि मेणाचे घर बांधणारी कामसू, एवढेच आपण तिच्यातून घेतले. संकटात दारी आलेल्याला ताटकळत ठेवणे बरे का, हे त्या चिमुरडीने आपल्याला विचारले. दुसऱ्या दिवशी तिने कागदावर चित्रे काढली. त्यांत चिऊ दार उघडून काऊला टॉवेल देते आणि दोघे मिळून चहा पितात. हेही विडंबनच. पण ते मूळ गोष्ट कानावरून दहा वेळा गेल्यानंतर आतून उमललेले आहे. परदेशातल्या विनोदी व्यंगचित्रपटांनीही हेच केले. वर्षानुवर्षे झोपून राहणाऱ्या, राजपुत्राची वाट पाहणाऱ्या राजकन्येला त्यांनी उभे केले आणि बोलते केले. त्यात गैर काय? गोष्टीला प्रश्न विचारणारे मूल हे गोष्ट पाठ म्हणणाऱ्या मुलापेक्षा कमी संस्कारी नसते. फक्त प्रश्न विचारायला आधी गोष्ट हवी.

आणि गोष्टीला भाषा हवी. मराठी घरांतली मुले जपानी डोरेमॉन हिंदीतून पाहतात आणि खेळताना आपसांत हिंदीच बोलतात, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. हिंदी आपलीच आहे, तिच्याशी वैर नाही. परंतु विनोद हा भाषेच्या अगदी आतल्या खोलीत राहतो. कोल्हापूरच्या बोलण्यातला तिरकसपणा, तालमीच्या कट्ट्यावरची ती एका शब्दात माणूस उताणा पाडण्याची हातोटी, ही मुलांना पडद्यावरून मिळणार नाही. ती आजी-आजोबांच्या तोंडूनच मिळेल. भोपळ्यातून लेकीकडून परतणारी म्हातारी वाघाला कशी फसवते, हे सांगताना आजी जो आवाज काढते, त्यातच विनोदाचा पहिला पाठ असतो.

मग करायचे काय? उपदेशाने पडदे बंद होणार नाहीत. दूरचित्रवाणी संच अडगळीत टाका, असे आम्ही सांगणार नाही आणि सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. आपल्या हाती असलेल्या गोष्टी मात्र सोप्या आहेत. ज्या घरात लहान मूल आहे, तिथे आठवड्यातून चार रात्री दहा मिनिटे कोणीतरी गोष्ट सांगावी. आईला सवड नसेल तर वडिलांनी सांगावी. ती आजोबांनी दूरध्वनीवरून सांगितली तरी चालेल. गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवली तरी बिघडत नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघते आहे, ते घरात यावे. मुलाने ‘श्रेक’ पाहिलाच, तर दुसऱ्या दिवशी त्याला गाढव झालेल्या गंधर्वाची गोष्ट सांगावी आणि दोन गाढवांतले अधिक शहाणे कोणते, ते त्यालाच ठरवू द्यावे.

आमचे जे कार्यकर्ते वस्त्यांमध्ये संस्कारवर्ग चालवतात, त्यांच्यासाठी एक सूचना. येत्या उन्हाळी सुट्टीत वर्गातला एक दिवस पंचतंत्राला द्यावा. पहिल्या दिवशी गोष्ट जशीच्या तशी सांगावी. नीळ लागलेला कोल्हा घ्या किंवा गुहेला हाक मारणारा कोल्हा घ्या. शेवटी तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. दुसऱ्या दिवशी मुलांना कागद आणि रंग देऊन सांगावे की, आता हीच गोष्ट तुम्हाला हवी तशी उलटी करा, चित्रांतून मांडा, हसवा. कोणाचा कोल्हा निवडणुकीला उभा राहील, कोणाचा सिंह दाढ काढायला दवाखान्यात जाईल. मुलांनी ताईंवर किंवा दादांवर चार बाण सोडले तरी ते हसून झेलावेत. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणे सांगताना समाजाला आरसाच दाखवला होता. तो आरसा हाती धरायला मुलांनाही शिकवले पाहिजे. अशा वर्गातून एखादा फडणीस, एखादा शंकर पाटील निघेल की नाही हे आज सांगता येत नाही. पण त्या वर्गातले मूल ‘मूळ गोष्ट म्हणजे?’ असे विचारणार नाही, एवढे निश्चित.

पंचतंत्र इथून निघाले, सहाव्या शतकात इराणात गेले, तिथून अरबीत उतरले आणि पुढे युरोपभर पसरले. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ला फाँतेनने आपल्या बोधकथांचे ऋण भारतीय मुनीकडे असल्याचे मोकळेपणी मान्य केले. जगाला गोष्टी पुरवणाऱ्या देशातल्या मुलाने दुसऱ्याच्या गोष्टीचे उष्टे हसू हसावे, यात खंत आहे. पण ती खंत व्यक्त करून थांबण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी कोल्हापुरातला एखादा चौथीतला मुलगा त्या लाकडी गरुडावरच्या विणकराचे स्वतः काढलेले व्यंगचित्र घेऊन आमच्यासमोर उभा राहील, त्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर पोटभर हसू. तोवर रोज रात्री एक गोष्ट सांगणे, एवढे काम आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला आहे.